गुरुवारी तुमच्याकडे

१९ जानेवारी

बुटके,

सापडलीस. आता कितीही आढेवेढे घेतलेस तरी उपयोग नाही, कारण चूक तुझीच आहे. लपूनछपून वाचायचं होतं तर खाली प्रतिक्रिया कशाला लिहायची?

दर रविवारी मी जुन्या मालिकांवर काहीबाही लिहिते आणि इंटरनेटवर टाकते, हे तुला आता कळलेलंच आहे. कोणी सांगितलेलं नाही, कोणी विचारतही नाही, तरी लिहिते. गेल्या रविवारी ‘बंदरावरचा डॉक्टर’वर लिहिलं. खाली नेहमीची मंडळी जमली. त्यात एक गृहस्थ आहेत, स्वतःला ‘मुंग्या’ म्हणवतात. टीव्हीचं चित्र गेलं की पडद्यावर यायच्या, त्या मुंग्या. बोलण्यावरून निवृत्त मास्तर वाटतात. डॉक्टरच्या होडीला वल्हं एक होतं की दोन, यावर त्यांनी नेहमीप्रमाणे वाद उकरून काढला आणि सगळे तिकडे धावले. त्या गडबडीत सर्वांत खाली एक प्रतिक्रिया आली, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. नाव ‘खिडकीवाली’.

“एकदा आमच्या टीव्हीचं चित्र गेलं. नुसता आवाज येत होता. तेव्हा एक लांबडी मुलगी टीव्हीशेजारी उभी राहिली आणि काय दिसत असेल ते सांगत गेली. डॉक्टर आता जिना चढतोय, आता त्याने टोपी काढली. मला तो भाग सगळ्यांत आवडला.”

वाचलं, आणि पुन्हा वरपासून वाचलं. ही गोष्ट मी कधी कुठे लिहिलेली नाही, कोणाला सांगितलेलीही नाही. त्या खोलीत आपण दोघीच होतो. चित्र हललं की खिडकीशी जाऊन अँटेनाची वायर हलवायचं काम तुझं. मग खिडकीवाली दुसरी कोण असणार?

प्रतिक्रिया देणाऱ्याचा ईमेल मला दिसतो, त्यावर हे पाठवते आहे. मी रागावलेली नाही. तूही नसशील तर उत्तर दे.

तुझी
लांबडी

२ फेब्रुवारी

बुटके,

“हो. आठवतं. खूप बरं वाटलं. तू लिहीत जा.” इतक्या वर्षांनी एवढंच? लहानपणी शाळेतही तू अशीच होतीस, बाई प्रश्न विचारायच्या आणि तू मान हलवून मोकळी व्हायचीस. असो. दोघींच्या वाटचं बोलायची मला सवय आहे.

मी काय करते ते सांगायचं राहिलं. मी दात करते. खरंच. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवतात, त्यात मी प्लास्टर ओतते, साचा काढते, मेणात एकेक दात बसवते आणि कवळी तयार करते. टेबलावर दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी पडलेली असतात आणि एकही बोलत नाही. आमची मालकीणबाई स्वभावाने बरी आहे, पण मशीनचा आवाज इतका असतो की जेवणाच्या सुट्टीशिवाय कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. जेवताना मी फोनवर प्रतिक्रिया वाचते. मालकीणबाई म्हणते, “तुमचे ते टीव्हीवाले काय म्हणतात?” मी म्हणते, भांडताहेत. ती म्हणते, छान.

घरी दोन खोल्या आहेत. आई-बाबा गेले, भाऊ लांब असतो, लग्नाचं जमलं आणि मोडलं, त्याला आता इतकी वर्षं झाली की सांगतानाही दुसऱ्या कोणाचं तरी सांगते आहे असं वाटतं. तक्रार नाही. फक्त रविवारी लेख टाकला की संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहतो, आणि सोमवारी तो गप्प झाला की खोली मोठी वाटते.

तुमची खोली आठवते? चटई, भिंतीजवळ टीव्ही, वर काकूंनी शिवलेलं निळं आवरण. गुरुवारी शाळेतून आल्यावर मी दप्तर घरात फेकायचे आणि धावत तुमच्याकडे यायचे. तू दारातच उभी असायचीस. काकूंचं शिलाई मशीन खडखडत असायचं, आणि डॉक्टर बोलायला लागला की बरोबर थांबायचं. तेव्हा मला वाटायचं, सगळ्या घरी असंच असतं.

लांबडी

१ मार्च

बुटके,

तू तर भाव खाऊन गेलीस. मुंग्या यांच्या वल्ह्याच्या वादात परवा तू लिहिलंस, “वल्हं एकच होतं. दोन असती तर आवाज वेगळा आला असता.” सगळे गार. मुंग्या यांनी चक्क माघार घेतली, जे या मंडळींच्या इतिहासात कधी घडलेलं नाही. आता जो तो विचारतोय, या खिडकीवाली ताई कोण? मी मूग गिळून बसले आहे.

पण एक गंमत माझ्या लक्षात आली. बाकी सगळ्यांना डॉक्टरची टोपी आठवते, कोट आठवतो, ती गळकी होडी आठवते. तू लिहितेस, “तो आधी खोकायचा, मग दार वाजायचं. ते मला आवडायचं.” डोळे मिटून बघायचीस की काय?

कोटावरून आठवलं. मी सातवीत गेले आणि बाबांनी आमच्याकडे टीव्ही आणला. रंगीत. गल्लीतला पहिला. आईने शेजारच्यांना बोलावून दाखवला. त्या गुरुवारी मी डॉक्टर घरीच पाहिला आणि त्याचा कोट तपकिरी आहे हे मला कळलं. इतके दिवस मी तो करडा समजत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत तुला हे सांगितलं तर तू नुसतं “हं” म्हणालीस.

त्यानंतर आपलं का कमी होत गेलं, मला कधी नीट कळलं नाही. भांडण झालं असतं तर परवडलं असतं, मिटवता तरी आलं असतं. तू दुसऱ्या बाकावर बसायला लागलीस. मग कॉलेजं वेगळी. तुझ्या लग्नाला आले होते, तेव्हा तू सगळ्यांना म्हणत होतीस तसंच मलाही म्हणालीस, “जेवून जा हं.” मी जेवून गेले. पुढे दोन-तीनदा कार्डं पाठवली, मग तुमचं घर बदललं आणि पत्ताच राहिला नाही.

दुखावले होते, हे आता लिहायला हरकत नाही. पन्नाशी उलटली की माणूस असल्या गोष्टी कबूल करायला लागतं.

तुझं उत्तर नेहमीसारखं दोन ओळींचं आलं तरी चालेल. येऊ दे मात्र.

लांबडी

१५ मार्च

बुटके,

आज जरा कामाचं.

मालकीणबाईने परवा मला बोलावून एक कवळी समोर ठेवली. म्हणाली, “बाई, हे दात साठीच्या म्हाताऱ्याचे वाटतात. मुलगी तेवीसची आहे.” दातांचा रंग जुळवायला आमच्याकडे पट्टी असते, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत. माझा रंग चुकला होता. गेले काही महिने चुकत होता आणि ती बिचारी गुपचूप दुसरीकडून करून घेत होती. डोळे दाखवून आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, या वयात होतो कधीकधी, म्हणाले. साधं ऑपरेशन आहे. सकाळी जायचं, दुपारी घरी. नंतर डोळ्यात औषध घालत राहायचं, आणि पहिले दोन दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.

पण दवाखान्यात नियम आहे. सोबत कोणीतरी हवं. त्याशिवाय ते टेबलावर घेत नाहीत आणि घरीही सोडत नाहीत. तिथल्या मुलीने विचारलं, “सोबत कोण येणार?” मी म्हटलं, बघते.

मग घरी येऊन बघत बसले. भावाला कळवलं तर तो काळजी करेल आणि येणार नाही. मालकीणबाई त्या दिवशी मशीन सोडू शकत नाही. राहिले माझे वाचक. किती आहेत म्हणून सांगू, मोजायला गेलं तर एक सभागृह भरेल. रविवारच्या लेखाखाली ओझरतं लिहिलं की डोळ्याचं ऑपरेशन आहे, पुढचे दोन रविवार सुट्टी. सगळ्यांनी काळजी घ्या म्हणून सांगितलं. एकीने तर लिहिलं, “ताई, स्वतःला जपा,” आणि पुढच्याच वाक्यात विचारलं की डॉक्टरचं सुरुवातीचं संगीत कोणाकडे आहे का. त्यांचा दोष नाही. ते माझ्याकडे टीव्ही बघायला येतात.

तू येशील? मी हे सहज विचारते आहे असं वाटावं म्हणून दोनदा खोडून लिहिलं, तरी ते तसं वाटत नाही. मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही, त्या बाकावर एकटीने बसायची वाटते. सव्वीस तारखेला, सकाळी नऊ वाजता. पत्ता खाली देते आहे.

जमणार नसेल तर तसंही लिही.

लांबडी

१९ मार्च

बुटके,

“येते.”

चार दिवस लागले तुला एक शब्द लिहायला. काही म्हणणार नाही. आज कामावर मी शिट्टी वाजवत होते, मालकीणबाई मशीन बंद करून बघायला आली.

दुसरी खोली आवरली आहे. पलंगाखालून काय काय निघालं ते विचारू नकोस. मला ओळखायला त्रास होणार नाही, अजून लांबडीच आहे, थोडी वाकलेली. तूही फार वाढली नसशील. मी दारासमोरच्या बाकावर असेन. शेजारची जागा धरून ठेवते.

लांबडी

८ एप्रिल

बुटके,

हे पत्र कागदावर लिहिलेलं आहे आणि पोस्टाने येतं आहे, कारण तुझा ईमेल माझ्याकडे नाही. कधी नव्हताच. हे माझं तुला पहिलं पत्र. याआधीची सगळी तुझ्या नावाने लिहिली आणि तुझ्या आईला पोचली. ती मागे जोडली आहेत. आधी ती वाच, मग पुढचं वाच.

सव्वीस तारखेला मी वेळेआधीच जाऊन बसले. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. दारातून कोणी बुटकं आलं की मान वर करायची, असं चाललं होतं. एक म्हातारी बाई आल्या, हातात कापडी पिशवी, आणि माझ्या पिशवीकडे बघत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “इथे माझी मैत्रीण येणार आहे.” त्या म्हणाल्या, “बरं.” आणि एक जागा सोडून बसल्या.

नऊ वाजून गेले. तू आली नाहीस. मी फोन काढून बघत होते, तेवढ्यात माझं नाव पुकारलं. पांढऱ्या कपड्यातल्या मुलीने विचारलं, “सोबत कोण आहे?” मी आधी पिशवीकडे बघितलं, मग दाराकडे. सगळा बाक माझ्याकडे बघतो आहे असं वाटलं.

“मी आहे,” त्या बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ओळखलं नाही. ओळखणार कशी? तुझ्या आईला मी कायम पाठीमागूनच पाहिलं होतं, तुझ्या लग्नातही गर्दीत ओझरतंच. तोंड खिडकीकडे, पाठ टीव्हीकडे, उजेड कापडावर पडायला हवा म्हणून. आवाजावरूनही कळलं नाही, त्या आपल्याशी बोलायच्याच कुठे? “जा तू. मी इथेच बसते,” एवढं त्या म्हणाल्या, आणि माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आले तर त्या तशाच बसलेल्या होत्या. टॅक्सीत मी विचारलं, “तुम्ही खिडकीवाली?” त्या हो म्हणाल्या. “आणि बुटकी?”

“ती नाही. मी तिची आई,” काकू म्हणाल्या. “रागाव तू. पण डोळ्याला ताण देऊ नकोस.”

त्या दोन दिवस माझ्याकडे राहिल्या. वेळच्या वेळी औषध घातलं, मला वाकू दिलं नाही, माझ्या उशीचा उसवलेला अभ्रा शिवला. चिडायचं म्हणून मी ठरवलं होतं, पण डोळ्यात थेंब घालणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, मान वर करून आ वासून पडावं लागतं.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मीच विषय काढला. म्हटलं, तुम्ही मला सांगायला हवं होतं.

“हवं होतं गं,” काकू म्हणाल्या. “शेजारच्यांनी तुझा लेख पाठवला, तुमच्या वेळची मालिका म्हणून. मी आपलं आठवलं ते लिहिलं. मग तुझं पत्र आलं, वर बुटके. मी लगेच लिहिलं, मी ती नव्हे. मग पुसलं. म्हटलं, कळलं की ही लिहायची थांबेल.”

“पण तुम्हाला काय मिळत होतं त्यातून?”

त्यांनी कप खाली ठेवला. “तिचा फोन येतो रविवारी. गोळ्या घेतल्यास का, नळ दुरुस्त करून घेतलास का. चांगली आहे गं, कुठे कमी पडत नाही. पण त्यात ती कुठे असते? तुझ्या पत्रात ती दहा वर्षांची होती. दारात उभी राहिलेली. मी तेव्हा पाठ करून कॉलरी शिवत होते. मला ती दिसलीच नाही कधी.”

 मला आठवलं, मी तुला लिहिलं होतं की खोलीत आपण दोघीच होतो. ते वाक्य त्यांनीही वाचलं होतं. दोन पावलांवर बसलेली बाई मी मोजलीच नव्हती, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नव्हतं.

मग मी जे विचारायचं ते विचारलं. “बुटकी वाचते का मी लिहिते ते?”

“नाही.”

“तुम्ही सांगितलं नाहीत तिला?”

“सांगितलं. म्हणाली, तो डॉक्टर होय, फार कंटाळवाणा होता.” काकूंनी माझ्याकडे बघितलं. “तिला तो कधीच आवडला नाही. टीव्हीच आवडायचा नाही तिला. एकटी असली की लावायचीसुद्धा नाही. पण माझ्या मागे लागली होती, आई, आपण टीव्ही घेऊ, म्हणजे लांबडी येईल. वर्षभर दुप्पट शिवणकाम घेतलं मी. बुधवारपासून विचारायची, उद्या लाइट जाणार नाही ना?”

मी म्हटलं, “आणि आमच्याकडे रंगीत आला तेव्हा?”

“त्या गुरुवारी तिने वेळेवर लावला. चटई घातली. दारात जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, अगं सुरू झालं. म्हणाली, थांब. भाग संपल्यावर आत आली आणि बंद केला. त्यानंतर गुरुवारी आमच्याकडे लागला नाही.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “माझंही ऐकायचं राहिलं. शेवटी डॉक्टर बंदर सोडून जातो ना? तुझ्या लेखात कळलं मला.”

बुटके, मी त्या वेळी रडले. डोळ्याला ताण द्यायचा नव्हता तरी रडले, आणि काकूंनी मला रागावून चांगल्या डोळ्याने रड म्हणून सांगितलं.

मला वाटायचं, तुला ती मालिका जिवापाड आवडते आणि सोबतीला कोणी हवं म्हणून मला बोलावतेस. तुला वाटायचं, मी टीव्हीसाठी येते. तीन वर्षं दोघी एका चटईवर मांडीला मांडी लावून बसलो आणि हे एकमेकींना विचारलं नाही. मी तुला शोधायला म्हणून एवढी मांडामांड केली, शंभर मालिका उकरल्या, अख्खा मेळा जमवला, आणि तू जिथे कधी फिरकणार नाहीस नेमक्या त्याच जागी उभी राहून हाका मारत बसले.

टीव्ही नसता तर मी आले असते का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. त्या धावणाऱ्या पोरीच्या वतीने मी आता शपथ घेऊ शकत नाही. एवढं मात्र आठवतं की रंगीत टीव्हीवर डॉक्टर मला पहिल्यासारखा वाटला नाही. मी दोष कोटाच्या रंगाला दिला. शेजारची जागा रिकामी आहे, हे ओळखायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

काकू परत गेल्या. जाताना तुझा पत्ता देऊन गेल्या आणि म्हणाल्या, “तिला टीव्हीबद्दल लिहू नकोस हं.” तरी बघ, सगळं पत्र त्यानेच भरलं. मला तुझ्याबद्दल दुसरं काही माहीतच नाही. तुला काय आवडतं? तू दिवसभर काय करतेस? घरी कोण कोण असतं, हसतेस का, अजून लाइट जाण्याची भीती वाटते का? एवढ्या पत्रांत मी यातलं एकही विचारलं नाही. काकूंनी मात्र प्रत्येक वेळी वाट पाहिली असणार.

डोळा आता स्वच्छ दिसतो. मालकीणबाईने परवा दात पसंत केले. रविवारी लेख टाकला नाही. मुंग्या यांनी विचारलं, “ताई, बऱ्या आहात ना?” आणि वल्ह्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी बरी आहे म्हणून कळवलं.

बुटके, मला तुझ्याकडे यायचं आहे. कुठल्याही वारी, तुला सोयीचं असेल तेव्हा. येऊ का, तेवढं कळव. तुझ्याकडे टीव्ही आहे की नाही, ते कळवू नकोस.

लांबडी